सातपैकी चार : प्लेऑफ मालिकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१७ च्या आयपीएलमध्ये रायझिंग पुणे सुपरजायंटने मुंबई इंडियन्सला तीनदा हरवलं. ६ एप्रिलला गहुंज्याला, २४ एप्रिलला वानखेडेवर आणि १६ मे रोजी पुन्हा वानखेडेवरच, क्वालिफायर १ मध्ये. मुंबईने पुण्याला हरवलं ते एकदाच, २१ मे रोजी हैदराबादला, आणि तेही एका धावेने. करंडक मुंबईत आला. पुणेकरांची ही जखम अजून भरलेली नाही. अमेरिकेत बास्केटबॉल बघत वाढलेल्या माणसाला हा हिशेब सांगून बघा. तो शांतपणे विचारेल, 'पुणे ३-१ ने पुढे आहे, मग पाचवा सामना कधी?'

त्याचा हा प्रश्न कुठून येतो, हे पुढच्या उत्तरांतून कळावं.

प्लेऑफ म्हणजे आपली बाद फेरीच ना?

बरीचशी तीच, पण पूर्ण नाही. बाद फेरीत हरलात की घरी. प्लेऑफ म्हणजे साखळी सामने संपल्यावर विजेता ठरवण्यासाठी होणारी सगळी लढाई. तिच्यात एका सामन्याची बाद फेरी असू शकते, दोन सामन्यांची बेरीज असू शकते (इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेऱ्या बऱ्याच मोसमांत अशाच झाल्या), हरलेल्याला आणखी एक संधी असू शकते किंवा त्याच दोन संघांत सात-सात सामन्यांची मालिका असू शकते. आपल्याकडे 'प्लेऑफ' हा शब्द रुळला तो आयपीएलमुळे. २०११ पासून तिथे उपांत्य सामने जाऊन क्वालिफायर-एलिमिनेटर आले. पण आयपीएलमध्ये मालिका हा प्रकारच नाही, त्यामुळे एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) किंवा बेसबॉल पहिल्यांदा बघणारा मराठी प्रेक्षक गोंधळतो.

'बेस्ट ऑफ सेव्हन' म्हणजे सात सामने होतातच का?

नाही. जो आधी चार जिंकेल तो पुढे, आणि चौथा विजय मिळाला की मालिका तिथेच थांबते. म्हणजे कमीत कमी चार सामने, जास्तीत जास्त सात. वेळापत्रकात पाचव्या, सहाव्या आणि सातव्या सामन्यापुढे 'गरज पडल्यास' असं छापलेलं असतं ते यामुळे. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये तीन विजय लागतात, बेस्ट ऑफ थ्रीमध्ये दोन.

कसोटी मालिकेची सवय असलेल्यांनी इथे सावध व्हावं. पाच कसोटींची मालिका ३-० झाली तरी उरलेल्या दोन कसोटी होतात. प्लेऑफमध्ये असे मेलेले सामने खेळले जात नाहीत.

क्रिकेटमध्येही हा प्रकार होता. ऑस्ट्रेलियातल्या तिरंगी मालिकांची अंतिम फेरी बेस्ट ऑफ थ्री असायची. २००८ ची आठवते? सिडनीला सचिनचं नाबाद शतक, दोन दिवसांनी ब्रिस्बेनला ९१, भारत २-० आणि तिसरा सामना झालाच नाही. आपण जल्लोषात होतो, त्यामुळे 'तिसरा का नाही?' हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

एका सामन्यात निकाल लावला तर बिघडतं काय?

समजा, एक संघ दुसऱ्यापेक्षा थोडा सरस आहे. इतका की दहा सामने झाले तर सरासरी सहा तो जिंकेल. एकच सामना ठेवला तर त्याची शक्यता अर्थातच ६० टक्के. बेस्ट ऑफ थ्री ठेवला तर ती जवळपास ६५ होते, बेस्ट ऑफ फाइव्हला ६८ आणि बेस्ट ऑफ सेव्हनला ७१.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. मालिका लांबली की सरस संघाचं पारडं जड होत जातं, ही पहिली. दुसरी लोक विसरतात. सात सामने खेळवूनही कमी ताकदीचा संघ दहातल्या जवळपास तीन मालिका जिंकतोच. फरक अजून बारीक असेल, म्हणजे ६० ऐवजी ५५ टक्के, तर सातच्या मालिकेतही सरस संघाची शक्यता ६१ च्या आसपासच जाते. म्हणून 'मालिकेत नशीब चालत नाही' हे वाक्य कुणी टाकलं तर मान डोलावू नका. नशीब चालतं, फक्त त्याचा वाटा कमी होतो.

दोन्ही संघ अगदी तुल्यबळ असतील तर मालिका चारच सामन्यांत संपण्याची शक्यता १२.५ टक्के, पाचात २५, सहात आणि सातात प्रत्येकी ३१.२५. सामना ७ पर्यंत ताणलेली मालिका ही तशी दुर्मीळ गोष्ट नाही.

मग सगळेच खेळ मालिका का खेळत नाहीत?

शरीराला झेपत नाही म्हणून. अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, खेळाडू आठवड्यातून एकदा एकमेकांवर आदळतात आणि उरलेला आठवडा अंग शेकतात. तिथे सातची मालिका ठेवली तर दीड महिना एकाच फेरीत जाईल. म्हणून सुपर बाउलपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत, सगळे एकेक सामने.

बेसबॉल दुसऱ्या टोकाला आहे. तिथे साखळीतच प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, बहुतेक रोज. आणि बेसबॉलचा एक सामना बराचसा त्या दिवशीच्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, असतो. आज सुरुवात केलेला पिचर पुढचे चार-पाच दिवस पुन्हा सुरुवात करत नाही. त्यामुळे एका सामन्यावर निकाल ठेवला तर संघ कोणाचा चांगला यापेक्षा आज कोणाचा पिचर ताजा आहे हेच ठरतं. पिट्सबर्ग पायरेट्सला विचारा. २०१५ मध्ये त्यांनी साखळीत ९८ सामने जिंकले. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये याहून जास्त विजय फक्त एका संघाचे होते. पण गटात दुसरे आल्यामुळे त्यांच्या वाट्याला एका सामन्याची वाइल्ड कार्ड लढत (गटविजेते नसलेल्यांची पहिली फेरी) आली. शिकागो कब्जचा जेक अ‍ॅरिएटा त्या रात्री भलत्याच लयीत होता, पायरेट्स ४-० ने हरले आणि सहा महिन्यांची मेहनत काही तासांत संपली. २०२२ पासून ही फेरी बेस्ट ऑफ थ्री झाली आणि तिन्ही सामने वरच्या मानांकित संघाच्या घरी होतात. माझ्या मते हा बदल व्हायला फार उशीर झाला.

बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच खेळाडू आणि एका सामन्यात प्रत्येक संघाला शंभराच्या आसपास आक्रमणं मिळतात, त्यामुळे एका सामन्यातसुद्धा नशिबाला फार जागा नसते. खरं तर तिथे मालिकेची गरज सर्वांत कमी. तरी एनबीएच्या चारही फेऱ्या बेस्ट ऑफ सेव्हन. का, ते पैशांच्या प्रश्नात बघू.

२-२-१-१-१ आणि २-३-२ ही काय भानगड आहे?

सामने कुठे होणार त्याचा क्रम. २-२-१-१-१ म्हणजे पहिले दोन वरच्या मानांकित संघाच्या घरी, पुढचे दोन खालच्याच्या घरी, मग आलटून पालटून एकेक. सातवा वरच्याच्या घरी. २-३-२ मध्ये पहिले दोन आणि शेवटचे दोन वरच्याच्या घरी, मधले सलग तीन खालच्याच्या.

घरच्या सामन्यांची बेरीज दोन्हींत सारखीच, चार आणि तीन. मग फरक कशाचा? एक, प्रवासाचा. सात सामने झाले तर पहिल्या पद्धतीत चारदा गाव बदलावं लागतं, दुसरीत दोनदाच. एनबीएच्या अंतिम फेरीत १९८५ ते २०१३ पर्यंत २-३-२ होती. त्या काळी अंतिम फेरी म्हणजे वारंवार बोस्टन विरुद्ध लॉस एंजेलिस, खंडाची दोन टोकं, हे लक्षात घेतलं की कारण कळतं. दोन, पाचव्या सामन्याचा. २-३-२ मध्ये २-२ अशी बरोबरी असताना पाचवा सामना खालच्या संघाच्या घरी होतो. मोसमभर राबून वरचं मानांकन मिळवलेल्याला ऐन मोक्यावर परक्या गर्दीत उभं राहावं लागतं. २००६ मध्ये मायामी हीट डॅलसमध्ये पहिले दोन्ही सामने हरले, मग घरी सलग तीन जिंकले आणि डॅलसला परत जाऊन सहाव्यात विजेतेपद उचललं. २०१४ पासून अंतिम फेरीतही २-२-१-१-१ आली.

बेसबॉलने मात्र वर्ल्ड सिरीजसाठी, म्हणजे आपल्या अंतिम फेरीसाठी, २-३-२ सोडलेली नाही.

घरच्या मैदानाचा फायदा कोणाला, हे कोण ठरवतं?

साधारणपणे साखळीतली कामगिरी. एनबीएत अंतिम फेरीसाठीही ज्याचे साखळीतले विजय जास्त त्याला घरचा लाभ.

बेसबॉलमध्ये मात्र २००३ ते २०१६ अशी चौदा वर्षं एक चमत्कारिक नियम होता. वर्ल्ड सिरीजमध्ये घरचा लाभ कोणाला, हे जुलैमधल्या ऑल-स्टार सामन्यावरून ठरायचं. म्हणजे प्रदर्शनी सामन्यात बेसबॉलच्या दोन लीगपैकी अमेरिकन लीग जिंकली की ऑक्टोबरमध्ये अमेरिकन लीगच्या विजेत्याला लाभ, मग त्याची साखळी कशीही गेलेली असो. २०१७ पासून शहाणपण सुचलं आणि साखळीतल्या विजयांवर हा निर्णय होऊ लागला.

तसा हा लाभ म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स आणि ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज यांच्यात सात सामने झाले आणि सातही पाहुण्या संघाने जिंकले. वॉशिंग्टनला विजेतेपद मिळालं ते घरी एकही सामना न जिंकता.

मानांकन एकदा ठरलं की तेच कायम राहतं का?

एनबीएत दोन्ही विभागांचा तक्ता आधीच आखलेला असतो. पहिला विरुद्ध आठवा या लढतीतल्या विजेत्याची गाठ चौथा विरुद्ध पाचवा या विजेत्याशीच पडते, मध्ये कितीही उलथापालथ होवो. एनएफएल प्रत्येक फेरीनंतर पुन्हा क्रम लावते, म्हणजे उरलेल्यांतला सर्वांत वरचा संघ सर्वांत खालच्याशी खेळतो. तत्त्व म्हणून एनएफएलची पद्धत रास्त वाटते. पण पुढे कोण कोणाला भेटू शकतं हे आधीच मांडून बसण्यात जी मजा आहे ती तिच्यात नाही.

पुढे चाल मिळणं हा खरंच फायदा असतो का?

आपल्याकडच्या कबड्डीत होता. प्रो कबड्डीच्या दहाव्या पर्वात पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जायचे आणि तिसरा ते सहावा यांना आधी एलिमिनेटर खेळावा लागायचा. गुणतक्त्यात पहिला आलेला पुणेरी पलटण दोन सामने जिंकून विजेता झाला, अंतिम फेरीत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ ने.

बेसबॉलमध्ये मात्र यावर दरवर्षी वाद झडतो. २०२२ पासून १२ संघ प्लेऑफला येतात आणि दोन्ही लीगच्या वरच्या दोघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. २०२२ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी साखळीत १११ सामने जिंकले, विश्रांती घेतली आणि पहिल्याच मालिकेत सॅन डिएगोकडून हरले. २०२३ मध्ये शंभर किंवा जास्त विजय मिळवलेले तिन्ही संघ, अटलांटा, बाल्टिमोर आणि पुन्हा डॉजर्स, विश्रांतीनंतरच्या पहिल्या मालिकेतच गारद झाले, आणि विजेता झाला तो वाइल्ड कार्डमधून आलेला टेक्सास रेंजर्स. रोज खेळायची सवय असलेल्या फलंदाजाचा हात पाच दिवसांच्या सुट्टीत गंजतो, असं एक मत. दुसरं मत असं की पाच सामन्यांची मालिकाच इतकी छोटी आहे की असं व्हायचंच. वरचं गणित पाहिलंत तर मी दुसऱ्या बाजूला का आहे ते कळेल.

प्ले-इन हा प्लेऑफचाच भाग का?

त्याचा उंबरठा म्हणा. एनबीएत प्रत्येक विभागातले पहिले सहा थेट आत. सातवा आणि आठवा एकमेकांशी खेळतात, जिंकेल तो सातव्या मानांकनाने आत. नववा आणि दहावा खेळतात, हरेल तो घरी. मग पहिल्या सामन्यात हरलेला आणि दुसऱ्यात जिंकलेला यांच्यात शेवटच्या जागेसाठी लढत. म्हणजे सातव्या-आठव्याला दोन संधी, नवव्या-दहाव्याला एकही चूक माफ नाही.

२०२३ मध्ये मायामी हीट सातवे होते. पहिला प्ले-इन अटलांटाकडून हरले, दुसरा शिकागोशी कसाबसा जिंकले, आठव्या मानांकनाने आत शिरले. पुढे त्यांनी अव्वल मानांकित मिलवॉकीला ४-१ ने लोळवलं आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथे डेन्व्हरने त्यांना ४-१ ने हरवलं, पण तोवर प्ले-इनला 'फुकटचे सामने' म्हणणारे गप्प झाले होते.

आयपीएलच्या पद्धतीत पहिल्या दोघांना नक्की किती जास्त मिळतं?

बरंच. पहिला आणि दुसरा क्वालिफायर १ खेळतात, जिंकणारा थेट अंतिम फेरीत. हरणारा क्वालिफायर २ मध्ये, तिथे तो एलिमिनेटरच्या (तिसरा विरुद्ध चौथा) विजेत्याला भेटतो. चारही संघ तुल्यबळ धरले तर पहिल्या दोघांची विजेतेपदाची शक्यता प्रत्येकी ३७.५ टक्के आणि तिसऱ्या-चौथ्याची प्रत्येकी १२.५. जुन्या उपांत्य फेरीत सगळ्यांना सारखीच २५ होती. म्हणजे दुसरा आणि तिसरा क्रमांक यांच्यात तिप्पट फरक, आणि तो कधीकधी निव्वळ नेट रनरेटवर ठरतो. साखळीच्या शेवटच्या आठवड्यात टीव्हीपुढे कॅल्क्युलेटर घेऊन बसणारे काका वेडे नसतात.

एलिमिनेटरमधून येऊन करंडक नेण्याची करामत २०१६ मध्ये सनरायझर्स हैदराबादने केली. ते तिसरे होते.

मूळ दुखण्याकडे, म्हणजे पुण्याकडे येऊ. २०१७ मध्ये क्वालिफायर १ हरलेल्या मुंबईला दुसरी संधी मिळाली, तिने कोलकात्याला हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. क्वालिफायर १ जिंकलेल्या पुण्याला मात्र अंतिम फेरीत दुसरी संधी नव्हती. पद्धत पराभूताला माफ करते ती एकदाच, आणि ज्याने माफी वापरलेली नाही त्याला ती शिल्लक म्हणून मिळत नाही. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला, आणि तरीही... जाऊ दे.

०-३ नंतर कुणी परत आलंय का?

एनबीएत आजवर कुणीही नाही. दीडशेहून जास्त मालिकांत एक संघ ०-३ ने मागे पडला, त्यातल्या चौघांनीच सामना ७ पर्यंत मजल मारली, शेवटचा २०२३ चा बोस्टन सेल्टिक्स, आणि चौघेही तिथे हरले.

आइस हॉकीत, म्हणजे एनएचएल या लीगमध्ये, चारदा झालंय. १९४२ मध्ये टोरांटो, तेही चक्क अंतिम फेरीत, १९७५ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्स, २०१० मध्ये फिलाडेल्फिया, २०१४ मध्ये लॉस एंजेलिस किंग्ज. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एकदाच, २००४ मध्ये बोस्टन रेड सॉक्स, तेही न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध.

तुल्यबळ संघांत सलग चार जिंकण्याची शक्यता सोळात एक. मग बास्केटबॉलमध्ये शून्य कसं? कारण जो ०-३ ने मागे पडतो तो बहुतेक वेळा तुल्यबळ नसतोच, आणि बास्केटबॉलमध्ये हा फरक सगळ्यांत लख्ख दिसतो. हॉकीत एक गोलरक्षक पेटला की हिशेब उलटतो. १-३ वरून मात्र एनबीएतही परतलेत. सर्वांत गाजलेलं पुनरागमन २०१६ च्या अंतिम फेरीतलं, क्लीव्हलँडने साखळीत ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटला त्यांच्याच घरी सातव्या सामन्यात ९३-८९ ने हरवलं ते.

प्लेऑफचा सामना बरोबरीत सुटला तर?

सुटत नाही, सुटू देत नाहीत. बास्केटबॉलमध्ये पाच-पाच मिनिटांची जादा वेळ, निकाल लागेपर्यंत. हॉकीत साखळी सामन्यांना असलेला शूटआउट प्लेऑफमध्ये बंद. २० मिनिटांचे पूर्ण कालखंड खेळत राहायचं, पहिला गोल झाला की संपलं. १९३६ मध्ये डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स यांच्यात अशा सहाव्या जादा कालखंडात एकमेव गोल झाला.

आयपीएलमध्ये सुपर ओव्हर आहे. पावसासाठी राखीव दिवसही असतो. २०२३ ची अंतिम लढत २८ मेऐवजी २९ मे रोजी सुरू झाली आणि जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंत दहा धावा काढल्या तेव्हा ३० तारीख उजाडली होती. आपल्या रणजी करंडकात अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातली आघाडी बघतात. २०२५ मध्ये नागपूरला विदर्भ केरळविरुद्ध अशा ३७ धावांवर विजेता झाला.

हे सगळं पैशासाठीच लांबवतात ना?

पैशासाठीही. प्रत्येक जादा सामना म्हणजे भरलेलं स्टेडियम आणि जाहिरातींनी भरलेली संध्याकाळ. एनबीएत पहिली फेरी १९८४ ते २००२ बेस्ट ऑफ फाइव्ह होती, २००३ पासून सात. १९९४ मध्ये आठव्या मानांकित डेन्व्हरने ०-२ वरून अव्वल सिएटलला ३-२ ने हरवलं होतं, तसे चटके आता वरच्या संघांना कमी बसतात. मला पाचचीच फेरी आवडायची. आता एप्रिलमध्ये सुरू झालेली गोष्ट जूनमध्ये संपते.

पण 'सगळं लांबतच जातं' हेही खरं नाही. १९०३ ची पहिली वर्ल्ड सिरीज बेस्ट ऑफ नाइन होती. १९१९ ते १९२१ पुन्हा नऊचा प्रयोग झाला, आणि सामने विकल्याचं प्रकरण गाजलं ती १९१९ ची सिरीज त्यातलीच. त्यानंतर जी सातवर आली ती शंभर वर्षं सातवरच आहे.

हॉकीच्या बर्फावर ऑक्टोपस का फेकतात?

हा प्रश्न मालिकांच्या पद्धतीचा वाटत नाही, पण आहे. १९५२ मध्ये करंडकासाठी दोनच मालिका जिंकाव्या लागायच्या, म्हणजे आठ विजय. डेट्रॉइटमधल्या मासे विकणाऱ्या दोघा भावांनी आठ विजयांसाठी आठ पायांचा ऑक्टोपस आणून बर्फावर भिरकावला, आणि त्यांचा रेड विंग्ज संघ त्या प्लेऑफमध्ये आठपैकी आठ जिंकला. तेव्हापासून ही प्रथा पडली. आता चार मालिका आणि १६ विजय लागतात, म्हणजे हिशेबाने दोन ऑक्टोपस हवेत. पण डेट्रॉइटवाल्यांनी हा बदल मनावर घेतलेला नाही.